मर्यादवेलीचा खुलासा

बापू, या नोकरीले कंटाळलो बे मी. बीबी गावच्या कॉलेजात पोरायले वनस्पतीशास्त्र शिकवतो, एवढंच माझं काम. तर वरच्या ऑफिसातून पत्र आलं, "समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्या मर्यादवेलीची आपल्या जिल्ह्यातील स्थिती कळवा." मी खरं तेच लिहिलं, "एकही वेल आढळत नाही."

पंधरा दिवसांत नोटीस! "वेल नामशेष का झाली? खुलासा करा."

तिथल्या साहेबाले फोन लावला. म्हटलं, "साहेब, बुलढाण्यात समुद्रच नाही हो."

साहेबही थकलेलाच वाटला. म्हणे, "मले माहीत हाये सर, पण फाईल बंद कशी करू? संवर्धनाचा एखादा उपाय लिहून द्या ना."

मी वैतागून लिहून देल्लं, "जिल्ह्यात समुद्र आणावा."

काल उत्तर आलं, "सूचना योग्य आहे. जागा सुचवा."