चिमटा डाव्या हातात, काटा उजव्या

सन्माननीय अध्यक्ष शेषेराव काका, हैदराबादच्या हॉटेलातून आलेल्या प्रियदर्शनी मॅडम, आज रिटायर होऊन राहिलेले आमचे रेणुकादास सर, अन समोर बसलेल्या, फोडणीच्या वासानं चुळबुळणाऱ्या सर्व मंडळींनो,

मी बजरंग. औश्याजवळचा. दहावी दोनदा. बोलायला दोन मिनिटं दिलीत, मी तीन घेणार हाय.

सरांनी लातुरात आम्हाला हॉटेलातलं वाढणं शिकवलं. सूप, चमचे, सगळं झालं अन शेवटी आली गोगलगाय. खायची! आता आमच्याकडं गोगलगाय सोयाबीन खाते. तिलाच खाणारी माणसं असतेत हे ऐकून माझी माय सरांना म्हणाली, "सर, ती माणसं आषाढात आठ दिवस आमच्या शेतावर पाठवता येतेत का?"

सर पक्के शाकाहारी. मग करायचं काय? मी शेतातले रिकामे शंख पिशवीभर आणले, मायनं उकळून धुतले, अन आम्ही त्यात लसूण घातलेला बटाटा भरला. डाव्या हातातल्या चिमट्यानं शंख धरायचा, उजव्या हातातला दोन दातांचा काटा अलगद फिरवून आतलं ओढायचं. शंख तोंडाला लावायचा न्हाई. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मटणाची नळी ओढावी तसा ओढला. सर एवढंच म्हणाले, "बजरंग, आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला."

मग मॅडम नोकरीसाठी पोरं निवडायला आल्या. त्या दिवशी शंख भरायचं काम माझ्याकडं होतं. आता मला एक कबूल करायचंय. आमच्याच वर्गातल्या मिहिरच्या ताटलीतल्या एका शंखात मी लवंगी मिरचीचा ठेचा भरला होता. लई रुबाब करायचा तो. पण मॅडम म्हणाल्या, आधी सरांनीच करून दाखवावं. अन सर बसले मिहिरच्याच खुर्चीत.

मी सांगायला हवं होतं का न्हाई? हवं होतं. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. गप उभा राहिलो. सरांनी नेमका तोच शंख धरला, काटा फिरवला, घास तोंडात ठेवला. कान लाल, डोळे लाल. खोकला न्हाई, पाण्याला हात न्हाई. रुमालानं ओठ टिपले, शंख पालथा ठेवला. मॅडमनी विचारलं, हे कुणी भरलं? सर म्हणाले, "बजरंगनं. हात चांगला आहे त्याचा."

मॅडम, त्या वाक्यावर तुम्ही मला घेतलं. आता काढायचं असंल तर जेवणं झाल्यावर काढा, आज वाढायला मीच हाय.

सर, दीड वर्ष झालं, तुम्ही एका शब्दानं विचारलं न्हाई. तुम्हाला माहीत तरी होतं का?

काय म्हणता सर? थांबा, माईकवर सांगतो. सर म्हणून राहिलेत, "पहिल्याच घासाला कळलं. पण मीठ अगदी बरोबर होतं. मी खोटं बोललो नाही."

ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. भाषणात कुठं घसरलो असेन तर लहान समजून सोडून द्या. ठेच्याची माफी मात्र मी वेगळी मागतो, सर. माईक ठेवून, तुमच्या पाया पडून.