समुद्र शांत होता हो!

...आणि वर वीज! अहो, भर दुपारी वीज आली कुठून? तुम्हाला सांगतो, आमचं जहाज बुडालं त्या दिवशी आभाळात औषधाला ढग नव्हता, पाणी कसं, तर वाटीतल्या तेलासारखं, आणि या चित्रकाराने संग्रहालयात भिंतभर चित्र काढलंय त्यात लाटा कशा, तर डोंगराएवढ्या! मी होतो ना तिथे! वाढपी होतो मी जहाजावर, जेवणं नुकतीच आटोपली होती, टेबलं पुसत होतो, तेवढ्यात खालून कर्रर्र... खडक लागला. झालं! जगभर गाजलं आमचं बुडणं, पण समुद्र शांत होता हो!

बरं, धुराडी किती काढावीत माणसाने? चार! आमच्या जहाजाला होतं एक, तेही वाकडं. मी जाऊन सांगितलं, तर चित्रकार मान तिरकी करून म्हणतो कसा, "काकाऽ, एका धुराड्यात भव्यता येत नाही होऽ..." भव्यता! आणि कप्तान? चित्रात छाती काढून सलाम ठोकतोय. खरा कप्तान एका पायात बूट घालून सगळीकडे धावत होता, "बायका-मुलं आधी, बायका-मुलं आधी" करून घसा बसला होता बिचाऱ्याचा. गेला तो पण. देवमाणूस! पण देवमाणसाचा दुसरा बूट सापडत नव्हता, हे दाखवलं तर काय बिघडतं?

...हसताय, हसा. माझा धाकटा भाऊ त्याच जहाजावर होता, धोबीखान्यात. धोबीखाना अगदी तळाला. पाणी शिरलं तसे खालचे लोखंडी दरवाजे बंद केले, म्हणून जहाज थोडा वेळ तरंगलं, म्हणून होड्या सुटल्या, म्हणून मी तुमच्यापुढे बडबडतोय. तो आतच राहिला. होडीतून मी नुसता बघत होतो. ना वारा, ना लाट, नुसतं लख्ख ऊन... समुद्र शांत होता हो.

आणि आमची आई! शेजारीण तिला चित्र दाखवायला घेऊन गेली, तर ही डोळे पुसतच घरी. "अरे, आपला धाकटा आहे रे त्यात!" जाऊन बघतो तर काय, मधोमध एक तरणाबांड गडी, कुरळे केस, एका हाताने कुणाचं तरी पोर पाण्याबाहेर धरलंय. म्हटलं, "आई, धाकट्याला टक्कल होतं!" तर म्हणते, "भिजल्यावर केस वेगळेच दिसतात." अहो, नसलेले केस भिजतात का? म्हटलं, "त्याला पोहता तरी येत होतं का?" "वेळ आली की येतं." आता बोला! तेव्हापासून रोज जेवण झालं की आई संग्रहालयात. पहारेकऱ्याने तिच्यासाठी खुर्चीच ठेवलीय.

मी काही तक्रार सोडली नाही. शेवटी चित्रकार वैतागला, रंग घेऊन आला, शिडी लावली, वर चढला आणि म्हणाला, "सांगा काका! तुम्ही म्हणाल तसं. लाटा पुसू? पुसतो. पण मग हा गडीही जाईल हं, तो लाटेवरच आहे. त्याच्या जागी काय रंगवू?"

काय सांगू? लोखंडी दरवाजा? मी आईकडे वळलो. आई खुर्चीतूनच म्हणाली, हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "दाराआड होता तो, मला ठाऊक आहे रे. मी काय खुळी आहे? पण दाराकडे किती बघत बसू? इथं निदान त्याचं तोंड तरी दिसतं."

आणि हा वरून ओरडतोय, "काका, बोला ना! करू ना समुद्र शांत?"

तुम्हाला सांगतो... समुद्र शांत होता, मरेपर्यंत सांगेन. पण त्याला म्हटलं, "राहू दे बाबा. उतर खाली. तुझ्या शिडीमुळे आईला दिसत नाहीये."