मॅट काळी

...नाही, पण मला सांगा, चमकत नाही म्हणूनच जी गाडी घेतली, ती कुणी प्रेमानं चमकवून दिली तर माणसानं बोलायचं काय, आणि बोलणार कुणाला?

तुम्हाला सांगतो, मॅट काळी! मोटरसायकल हो! मॅट म्हणजे लकाकी नाही, झगमग नाही, नुसता पाटीसारखा मऊ काळा रंग. शोरूमवाल्यानं किल्ली देताना मला बाजूला घेतलं आणि पोरीला सासरी धाडणाऱ्या बापाच्या आवाजात म्हणाला, 'साहेब, जपा हिला. सावलीत धुवा, साधं शाम्पूचं पाणी, मऊ फडकं. पॉलिश नाही, मेण नाही, घासणं तर नाहीच नाही. मॅट एकदा चमकली की चमकली, मग काही खरं नाही!' आणि मी जपली हो! कबुतरानं टाकीवर काही केलं, तर ओलं फडकं अलगद ठेवून ते भिजेपर्यंत शेजारी उभा राहायचो. बायको गॅलरीतून ओरडायची, 'ताप आलाय का रे तिला? पट्ट्या कसल्या ठेवतोयस!'

आता सासरे. सासूबाई गेल्या तेव्हापासून आमच्याकडेच असतात. माणूस इतका गप्प, इतका गप्प, की खिडकीतल्या खुर्चीत ते बसलेत की नुसता सदरा वाळत टाकलाय, कळू नये! 'बाबा, चहा?' 'ठेव.' 'बाबा, पेपर?' 'असू दे.' बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत मला विचारायची, 'कशात रमेल रे यांचं मन?' मला काय ठाऊक कशात! माझ्या टाकीत, तुम्हाला सांगतो, माझ्या टाकीत!

रविवारी सकाळी दाढी करतोय, तर खालून शीळ. बायको धावत आली, तोंडावर हात. 'अरे, बाबा शीळ घालतायत!' मी फेसासकट खाली डोकावलो... पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात पॉलिशची डबी, दुसऱ्यात माझाच जुना बनियन, आणि टाकीवर गोल, गोल, गोल... अहो, डावी बाजू आरसा झाली होती आरसा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं माझा दंड असा आवळला! 'एक अक्षर बोललास तर बघ!' बोलणार कुणाला?

तसाच खाली पळालो.

'या जावईबापू! काय दशा केलीत हो गाडीची! पार कळा गेली होती!'

'बाबा, ही... ही मॅट आहे.'

'मॅट म्हणजे?'

'म्हणजे... ही चमकत नाही.'

'कोण म्हणतं चमकत नाही? हे बघा!' आणि लागले पुन्हा घासायला. घासता घासता म्हणाले, 'आमच्या स्कूटरचा पत्रा असा लखलखायचा, की तुमच्या सासूबाई त्यात बघून केस सारखे करायच्या. निघताना रोज.' आणि हसले. मग एकदम थांबले, तोंड फिरवलं आणि दुप्पट जोरानं घासायला लागले. आता सांगा, कुणाला बोलणार?

दुपारी 'जरा येतो' म्हणून गाडी रंगवाल्याकडे नेली. त्यानं टाकीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, डोळे बारीक केले. 'एक बाजू चकचकीत, एक बाजू मॅट... डिझाइन आहे का?'

'सासरे आहेत,' म्हटलं.

'मग टाकी नव्यानं रंगवावी लागेल.'

तुम्हाला सांगतो, गाडी रंगवायला टाकणारच होतो तिथे. पण डोळ्यांपुढे ती खिडकीतली खुर्ची आली. रंगवून आणली आणि बाबांनी विचारलं, 'मी केलेलं पुसून काढलंत?' तर? ती शीळ परत कुठून आणू? आली तशी गाडी परत नेली. तर हे फाटकातच उभे, फडकं खांद्यावर! 'कुठे गेला होतात? उजवी बाजू राहिलीय ना!'

काय करणार? दुसरा बनियन आणला. माझ्या हातांनी, अहो, माझ्या स्वतःच्या हातांनी... आणि वर शिकवणी चालूच! 'असं नव्हे, गोल फिरवा! जोर लावा की जरा! जेवला नाहीत का?' बायको गॅलरीत उभी राहून हसतेय आणि रडतेय, दोन्ही एकदम!

संध्याकाळपर्यंत अख्खी गाडी अशी झगमगली की रस्त्यावरचा कुत्रा स्वतःलाच बघून भुंकून गेला. बाबा दोन पावलं मागे सरले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, 'जावईबापू, पुढच्या वेळी गाडी घ्याल ना, तेव्हा जरा बघून, मुळातच चमकणारी घ्या. हिला फार घासावं लागलं हो!'

...मी म्हटलं, 'हो बाबा. चुकलंच माझं.'