किलोमीटरला अकरा रुपये

मी मूळचा सिन्नरकडचा. बाप ट्रकवर, त्याच्यासंगं फिरून फिरून स्टेअरिंग हातात आलं, मग नव्वद-एक्याण्णवला लायसन काढलं नि नाशकात गंगापूर रोडला एका बिल्डर शेठकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. शेठ कसा होता, काय सांगू तुम्हाला, शिवी कधी दिली नाय, पण जेवला का असं पण कधी विचारलं नाय. त्यांचा एकुलता एक निखिल, त्याला शाळेत मीच सोडायचो, ताप आला तर मीच दवाखान्यात न्यायचो, काका काका करायचा, लय गोड पोरगं. पुढं शिकायला अमेरिकेला गेला.

तो परत यायचा होता, मुंबईला विमानतळावर आणायला जायचं होतं, त्या दिवशी माझी बायको सिव्हिल हॉस्पिटलला होती. सुमन तिचं नाव. कावीळ पोटात गेलेली. मी म्हटलं, शेठ, आज दुसरा ड्रायव्हर बघा. तर शेठ म्हणले, घाटात मला दुसऱ्याचा भरवसा नाय, दुपारपर्यंत येऊ की परत. सुमनजवळ मेव्हण्याला बसवलं, शेठचा मोबाईल नंबर त्याला दिला नि शेठला घेऊन पहाटे निघालो.

विमान उशिरा आलं. निखिलनं मला काका म्हटलं नाय, बॅगा दाखवल्या फक्त. आणि शहापूर मागं पडल्यावर बापाला म्हणतो, पप्पा, ही गाडी महिन्याला किती फिरते? मग मोबाईलवर बेरजा करत बसला. डिझेल धरलं, टायर धरले, सर्व्हिसिंग, विमा, गाडीची किंमत दरसाल उतरते ती पण धरली. मग म्हणतो, आणि ड्रायव्हर. मी हातभरावर, ऐकतोय. म्हणतो, पप्पा, किलोमीटरला अकरा रुपये पडतात, भाड्याची गाडी सहाला मिळते, सगळ्यात महाग तर हा ड्रायव्हरच हाय, काम असो नसो पगार चालूच. शेठ म्हणले, इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाय रे माझ्या. आणि हसले दोघं.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला, कसारा घाट नुकता लागला होता. शेठ म्हणले, हां, हां, बरं, सांगतो. ठेवला. मी आरशातनं बघितलं, म्हटलं, शेठ, सिव्हिलमधनं का? तर म्हणले, तू पुढं बघ.

घरी आलो, बॅगा उतरवल्या, वर नेऊन ठेवल्या, मग शेठ म्हणले, तुझी बायको गेली रे. घाटात सांगितलं असतं तर तुझा हात हलला असता, पोरगं होतं गाडीत.

पोरगं होतं गाडीत. माझी पण पोरगी होती ना, सहावीतली, तिकडं आईच्या उशाशी.

तेराव्यानंतर कामावर गेलो तर गाडीचा सौदा झालेला. नाशिक रोडच्या पार्टीला पोचवून ये म्हणले. पोचवली, चावी दिली, बसनं परत आलो, तिकीट माझ्याच खिशातलं. पगार चुकता केला, बाकी काय नाय.

आता इंदिरानगरला सोसायटीच्या गेटवर बसतो. गाडी सोडली ती सोडलीच. पोरगी नर्सिंग शिकतीये, हुशार हाय. निखिलचं लग्न झालं, मूल झालं म्हणतात. त्याचं बरं होवो, असं तोंडानं म्हणतो मी. मनातनं अजून निघत नाय.