रंगनाथदादांची हरकत

चकलांब्याच्या समद्या मंडळींना रामराम. पोलिसांचे अमीनसाहेब, तुमालाबी. सभेची इजाजत शोकापुरतीच हाय, हे माझ्या ध्यानात हाय. काळजी करू नका. बोलता बोलता पुस्तकांचा विषय निघंल, पण ती पुस्तकं आता कुणाचंच काही वाकडं करू शकत न्हाईत.

मला बोलायला लई अवघड जातंय. रडू येतंय म्हणून न्हाई. राग येतोय. समोर चौरंगावर दादांचं पागोटं ठेवलंय, त्याला हार घातलाय. हार झकास हाय. तो बघितला का अजून राग येतोय.

वळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी माणिक, गेवराईचा, कापसाचा आडत्या. रंगनाथदादांचा मी सोयरा न्हाई, चेला तर मुळीच न्हाई. मी त्यांच्याशी भांडणारा माणूस. ह्याच मारुतीच्या मंडपात, मंडळी, ह्याच खांबाला टेकून. कापसाच्या गाड्या घेऊन मी नगरला जायचो आन् येताना इंग्रजी मुलखातली नवी पुस्तकं आणायचो. इतिहासाची, राज्यकारभाराची, व्यापाराची, चालीरीतींची. सरकीच्या पोत्याखाली घालून, करोडगिरीच्या, म्हंजे जकातीच्या नाक्यावरून. मला वाटायचं, ह्या निजामाच्या मोगलाईत आपण झोपलोय, चार पुस्तकं वाचून जागं व्हऊ. अमीनसाहेब, जागं म्हंजे पहाटं लवकर उठू, इतकंच.

दादांना त्यातलं निम्मं पटायचं न्हाई. निम्मं कसलं, बारा आणे! जुनं मोडायच्या आधी त्याच्यावर काय काय उभं हाय ते बघून घ्या, असं त्यांचं म्हणणं. गावचे जुन्या मताचे पाटील ते, आन् त्यांना त्याची लाजबी नव्हती. पण त्यांची एक रीत व्हती. एकादशीला पुस्तक मंडपात मोठ्यानं वाचायचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, किती का एकादश्या लागंनात. मग ज्याला नावं ठेवायची असतील, त्यानं आधी लिहिणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं. असं बोलायचं, की तो लिहिणारा हितं बसला असता तर म्हणला असता, हां, हेच माझं म्हणणं. ते जमलं तरच हरकत घ्यायची. न्हाई जमलं तर गप बसायचं.

एकदा मी मराठी राज्याच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. दादा लिहिणाऱ्याच्या बाजूनं असं बोलले, असं बोलले, की माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो. मग चष्मा पुसून म्हणले, "माणिका, ह्यात राजे लढले, राजे मेले. लई चांगलं. त्या लढाईच्या साली पेरणी कुणी केली, त्याचं एक पान दाव मला." मी चिडलो. म्हणलं, दादा, तुमी इतिहासबी पाटलाच्या डोळ्यानं वाचता. तर म्हणले, "मग काय तुझ्या तागडीनं वाचू?" समदा मंडप हसला. तुमीबी हसला व्हतात, पंच मंडळी. तेवढं बरं ध्यानात ऱ्हायलं असंल तुमच्या.

आन् दादा चुकायचेबी. पोरींच्या शाळेवरून आमचं बोलणं बंद झालतं. त्यात ते चुकले व्हते. आजबी म्हणतो, चुकले. माणूस मेला म्हणून त्याचं समदंच बरोबर व्हत न्हाई. पण त्यांनी नकार दिला तरी कारणासकट दिला. कारण मला पटलं न्हाई, ही गोष्ट येगळी. भांडायला कारण तर व्हतं!

ही कारणं ते लिहून ठेवायचे. पुस्तकाच्या कडंला, मोडीत, बारीक अक्षरात. शेवटी मी त्यांना व्यापाराचं एक पुस्तक दिलतं. त्यात लिहिलं व्हतं, शेतकऱ्यानं जवारी कशाला पेरावी? कापूस पेरावा, विकावा, दाणा बाजारातून आणावा. पेवात धान्य पुरून ठेवणं हा अडाणीपणा. मला ते पुस्तक लई आवडलं. आवडणारच, आडत माझी हाय! दादांचा गाडीवानाबरोबर निरोप आला. "वाचून झालं. तुझ्या बाजूनं बोलायला लई सोपं हाय, तेच मला खटकलं. हरकत लिहून ठेवलीय. एकादशीला ये, बस."

मी नगरला गेलतो. एकादशी यायच्या आधीच दादा गेले.

तेराव्यानंतर मी हितं आलो. भगवानला, त्यांच्या पोराला, इचारलं, बाबा, दादांची पुस्तकं कुठं हायत? हात जोडून म्हणला, "काका, ती अस्थींसंगं गोदागंगेत सोडली." मला वाटलं, पोरगं दुःखानं भ्रमलंय. तर न्हाई. गुरुजींनी सांगितलं, अक्षर म्हंजे सरस्वती, पायदळी येऊ ने, वाण्याच्या पुड्यांना जाऊ ने. पंचांनी माना डोलावल्या. फाटक्या पोथ्या जशा सोडतो, तशी ती चांगली बांधीव पुस्तकं धुतल्या वस्त्रात बांधली, हळदकुंकू वाहिलं, नावंतून मधल्या धारंत नेली, आन् सोडली. समदी. भगवान, मान वर कर बाळा. तुझ्यावर माझा राग न्हाई. तू भक्तीनं केलंस.

पंच मंडळी, तुमच्यावर मात्र हाय.

आज तुमी उठून बोललात, दादा म्हंजे आपल्या जुन्या वळणाचा आधार. लई छान. सकाळी मी तुमालाच इचारलं, त्या इतिहासाच्या पुस्तकाला दादा काय म्हणले व्हते? "वंगाळ म्हणले." कावून? "दादा म्हणले म्हंजे वंगाळच." अरे, पण कावून? तर तुमी हार सरळ करायला लागलात. तुमाला दादांचं 'न्हाई' पायजे व्हतं. कावून न्हाई, ते तुमाला कधीच नको व्हतं. ते वाचायचे तवा तुमी ह्याच खांबांना टेकून घोरायचा, आन् शेवटी उठून म्हणायचा, दादांनी मोडीत काढलं ना, चला घरी. नाक्यावरच्या शिपायांनी इतक्या वर्सांत माझं एक पुस्तक धरलं न्हाई. तुमी समदी धरली आन् नमस्कार करून बुडवली! म्हणं जुनं राखणारी माणसं! गावात एकाच माणसानं डोकं चालवून जुनं राखलं, आन् त्याचं लिहिलेलं तुमाला चार दिवस राखता आलं न्हाई.

मला ती हरकत पायजे व्हती. शोकसभेत गोड बोलायचं म्हणून म्हणत न्हाई. मला ती खरंच पायजे व्हती, कारण ह्या साली मी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना कापूस पेरायला सांगणार हाय. पाऊस न्हाई पडला तर खाणार काय, असं दादांनी लिहिलं असंल का? मला न्हाई वाटत. तेवढं तर मलाबी सुचतं. दादांना दुसरंच काही दिसलं व्हतं, आन् ते काय, हे आता मला कोण सांगणार? तुमी?

बरं, मग सांगा. दादांच्या रीतीनंच घेऊ. पुस्तकाच्या बाजूनं मी बोलतो. मंडळी, समद्या रानात कापूस पेरा. जवारीचं नाव काढू नका. पेवं बुजवून टाका. दाणा बाजारात मिळतो, छापलेलं हाय. आता बोला, कुणाची हरकत?

पंच मंडळी? गुरुजी? भगवान, तू?

कुणीच न्हाई?

मग उठा. आता जसे गप बसलात, तसेच गप उभे ऱ्हा थोडा येळ.

दादा, रामराम घ्या. तुमच्या गावात आता मला अडवणारं कुणी न्हाई.