गोष्टीच्या फोनवर आलेला माणूस

मी, वय सेहेचाळीस, नोकरी शहराच्या मुख्य ग्रंथालयात, बालविभाग, राहणार ग्रंथालयामागील कर्मचारी वसाहत, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

ज्या मुलांना ग्रंथालयात येता येत नाही, त्यांना दुपारी फोनवर गोष्ट सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यांपैकी एक मुलगी वरचेवर फोन करते. नाव विचारलं की नुसती हसते, म्हणून आम्ही तिला चिऊ म्हणतो. वय पाच-सहा असावं.

आज तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, हळू सांग हं. बाबा झोपलेत." आई कुठे आहे, असं मी विचारलं. "आई पण झोपलीये, फरशीवर. तिच्या डोक्यातून लाल येतंय. हलवलं तरी उठत नाही."

तिला पत्ता सांगता येईना. खिडकीतून काय दिसतं, असं विचारल्यावर म्हणाली, "तुमची पुस्तकांची गाडी. पिवळी." आमच्या फिरत्या ग्रंथालयाची पिवळी गाडी एकच आहे. मी गोष्ट चालू ठेवली आणि शेजारच्या सहकारी बाईंना खुणेने बोलावून कागदावर लिहून दिलं. त्यांनी गाडीच्या ड्रायव्हरकाकांना कळवलं, आणि गाडी कुठे उभी आहे ते त्यांना विचारून पोलिसांनाही कळवलं.

मी चिऊला म्हटलं, "फोन टेबलावर ठेव, बंद करू नकोस. कडी काढ आणि खाली गाडीतल्या काकांकडे जा."

"आणि गोष्ट?"

"मी सांगतेय ना."

कडीचा आवाज आला. मी सांगत राहिले. मग कोणीतरी फोन उचलला.

"कोण?" पुरुषाचा आवाज होता.

"ग्रंथालयातून बोलतेय. गोष्ट सांगतेय."

"पोरगी कुठंय?"

ती खाली पोचली की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आत्ता ऐकत होती. असेल तिथेच."

मग खुर्ची ओढल्यासारखं वाजलं. म्हणाला, "सांगा."

मी सांगितली. मधे तो एकदा "बरं" म्हणाला. दार वाजलं, पोलिसांचे आवाज आले, तरी मी बोलतच होते. शेवटी सहकारी बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मुलगी ड्रायव्हरकाकांजवळ सुखरूप मिळाली. तिची आई दवाखान्यात नेण्याआधीच गेली होती, हे मला इथे आल्यावर कळलं. मुलीला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. मी आत येताना तिने विचारलं, आई उठली का.

तो आवाज पुन्हा ऐकला तर मी ओळखीन. त्यात राग नव्हता.

हा जबाब मला वाचून दाखवला. मधे एकदा मी थांबायला सांगितलं. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.