मोठ्या सिस्टर परत येईपर्यंत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रसूती विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणतो. व्यासपीठावर विराजमान असलेले नव्या समितीचे तिन्ही सन्माननीय सदस्य. ज्यांच्यासाठी आपण जमलो पण ज्यांची खुर्ची या क्षणी रिकामी आहे, त्या सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर. आणि समोर बसलेल्या परिचारिका भगिनी, वॉर्डातले मामा, मावश्या आणि निवृत्त मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला इथे सगळे भूलवाल्या बाई म्हणतात. माणसांना झोपवणं हेच माझं काम, त्यामुळे मी माईकपाशी आले की मागच्या रांगेत हसू फुटतं, तसं ते आत्ताही फुटलं. हसा. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे सारखं बघू नका. सिस्टर हात धुवायला गेल्या आहेत, येतील. चहा गार होतोय हे मला कळतंय. आणि पुष्पगुच्छ धरून केव्हाची उभी असलेली ती विद्यार्थिनी, बाळ, तू तो टेबलावर ठेव आणि खाली बस. मी आज लांबण लावणार आहे.

सिस्टरांबद्दल काय सांगावं? शिस्त, सेवाभाव, वक्तशीरपणा हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं. मी फक्त चादरींच्या खोलीबद्दल सांगते. आपल्याकडे गर्भपातासाठी बाई आली की सिस्टर तिला आधी त्या खोलीत नेत. नवरा, आई, सासू, मैत्रीण, जे कोणी सोबत असेल ते बाहेर बाकावर. आत धुऊन आलेल्या चादरींचा ढीग आणि एक खुर्ची. बाईला खुर्चीत बसवायचं, तिच्याकडे पाठ करायची आणि घड्या घालायला लागायचं. विचारायचं काहीच नाही. ढीग संपला आणि बाई अजून गप्पच असली, तर सिस्टर घातलेल्या घड्या झटकून मोडत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. या वॉर्डाच्या चादरी घडीवरच का विरतात, अशी धुलाई विभागाची तक्रारसुद्धा आली होती.

एकीने आल्या आल्या सुनावलं होतं, "अहो, मी ठरवून आलेय. तुमचं धुणं बघायला नाही आले." सिस्टर "बरं" म्हणाल्या आणि हातातली चादर तशीच टाकून तिला शस्त्रक्रियेसाठी आत घेऊन गेल्या. दुसरी एक शिक्षिका होती. ती सगळी दुपार बसली, मग उठून चादरीची दोन टोकं तिने धरली, दोघींनी मिळून घड्या घातल्या आणि ती म्हणाली, "जाते मी घरी. ठेवणार आहे." सिस्टर तिलाही "बरं" एवढंच म्हणाल्या. दोघींना एकच "बरं."

डॉक्टरसाहेब, आपण घड्याळ बघताय. मी आवरतं घेतलं असतं, पण सभागृहापासून काही लपवावं असं मला वाटत नाही. सिस्टर हात धुवायला गेलेल्या नाहीत. त्या चादरींच्या खोलीत आहेत. आज दुपारी एक बाई आली आहे. नवरा सांगतो, "मोकळं करा, आम्हाला आता झेपणार नाही." तिची आई सांगते, "असं केलंस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." दोघेही तिच्या वतीने बोलतात, आणि ती स्वतः आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. सिस्टर घड्या घालत होत्या, तेवढ्यात आपण त्यांना सत्कारासाठी बोलावून घेतलं. मघाशी टाळ्या चालू असताना त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, मी येईपर्यंत बोलत राहा."

का, ते आपल्याला ठाऊक आहे. हा समारंभ संपला की सिस्टर या वॉर्डाच्या कोणी नाहीत. मग चादरींची खोली समितीची. समितीचे तिन्ही सदस्य इथे बसले आहेत, म्हणून माझं भाषण चालू आहे तोवर ते तिथे नाहीत. त्यानंतर त्या बाईला तीन माणसांसमोर बसून सांगावं लागेल, का, कशासाठी, घरच्यांना मान्य आहे का. आणि घरच्यांनाही आत बोलावणार, असं आपल्या परिपत्रकात आहे. जी बाई दुपारपासून तोंड उघडू शकली नाही, ती नवरा आणि आई समोर असताना काय बोलेल? ती मान हलवेल. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने हलवेल.

आपण मला थांबवू शकता. पण निरोपाच्या भाषणात कोणी कोणाला खाली बसवत नाही, या आपल्या सभ्यतेवर माझी सगळी मदार आहे.

आता जे सांगते ते सिस्टर समोर असत्या तर बोलले नसते. त्यांना स्वतःला गर्भपात पटत नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला विचाराल तर तो जीवच आहे. मी असं कधी केलं नसतं." मी म्हटलं, "मग तिला थांबवत का नाही?" तर म्हणाल्या, "अहो, ती घाबरलेली आहे. भीती जरा बाजूला सरली की माणसाला नीट दिसतं. तिला काय दिसेल ते माझ्या हातात नाही. मी आपली भीती सरायची वाट बघते."

आणि आपले मोठे डॉक्टर? त्यांना या शस्त्रक्रियेत काही गैर दिसत नाही. त्यांच्याइतक्या हळुवार हाताने ती कोणी करत नाही, हे मी पेशंटच्या डोक्याशी उभी राहून पाहिलं आहे. पण त्यांचा माणसावर भरवसा नाही. "मोकळं सोडलं की माणूस सोपं असेल ते करतो आणि नंतर रडतो. त्याला जाब विचारणारं कोणीतरी लागतं," असं ते म्हणतात. त्यांच्याकडे पुरावाही आहे. एक बाई वर्षभराने परत आली होती. सिस्टरांच्या अंगावर ओरडली, "तुम्ही मला अडवायला हवं होतं." त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. ती बाई खोटं बोलत नव्हती, हे मीही मानते.

तर मग भांडण नक्की कशावरून आहे? पोटातल्या जिवावरून, की खुर्चीतल्या बाईचा भरवसा धरायचा की नाही यावरून? ज्यांना पटत नाही त्या तिला मोकळं सोडतात, आणि ज्यांना चालतं ते तिला समितीपुढे बसवतात. मला तत्त्वज्ञान कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की डोळे मिटण्याआधीचं शेवटचं वाक्य माणूस माझ्यापाशी बोलतो. धाकट्याला शाळेतून कोण आणेल. गॅस बंद केला होता का. सासूबाईंचं औषध संपलंय, यांना सांगा. स्वतःचं सोपं बघणारी माणसं अशी बोलतात का हो? मी हजारोंना झोपवलं, मला तशी फार थोडी भेटली. बाकीची दमलेली होती, आणि प्रत्येकीच्या डोक्यात कोणी ना कोणी दुसरंच होतं.

डॉक्टरसाहेब, मी हात जोडते. सिस्टरांचा पुष्पगुच्छ राहू द्या, मानपत्र राहू द्या. ती खोली तेवढी राहू द्या. मी कर्मचारी सभेत बोलले, आपल्या केबिनमध्ये बोलले, आपण ऐकून घेतलंत आणि परिपत्रक काढलंत. आता माझ्याकडे हा माईक सोडून काही नाही, आणि बोलण्यासारखंही फार उरलेलं नाही. घसा कोरडा पडलाय. कोणीतरी पाणी द्या. नको, राहू द्या.

सिस्टर दारात आल्या आहेत, म्हणजे ती बाई बोलली. मागे वळून बघा, बघितलंतच सगळ्यांनी. आता मला प्रामाणिकपणे सांगा, सिस्टरांचा चेहरा बघताना आपल्या सगळ्यांच्या मनात काय आलं? तिने काय ठरवलं? ठेवणार की नाही? माझ्याही मनात तेच आलं. मी त्या बाईचं नावसुद्धा ऐकलेलं नाही, आणि तरी मला उत्तर हवंय. सिस्टर सांगणार नाहीत. पण ही जी आपल्या सगळ्यांची घाई आहे ना, तीच उद्या सकाळी तीन खुर्च्या मांडून त्या खोलीत बसणार आहे, आणि तिच्यासमोर कोणाची तरी लेक मान हलवणार आहे.

या सिस्टर, बसा. आपण एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी मला खाली बसवलं नाही, या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. वेळ मात्र मी जाणूनबुजून घेतला. त्याची माफी मी मागत नाही.